टाकीतला हुंकार

चावी फिरवली की आमची गाडी मागच्या सीटखालून हुंकार द्यायची, कोणी तोंड मिटून आरती म्हणावी तसा. इंजिन सुरू होण्याआधी पंप पेट्रोल ओढून दाब तयार करतो, तेवढ्यापुरती जराशी घूंऽऽ व्हायचीच. पण आमची घूंऽऽ इंदुरातल्या पलासियाच्या सिग्नलपर्यंत सोबतीला असे.

रामबागेतल्या काकांनी पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलवर ठपका ठेवला. मेहुणा म्हणाला, बेअरिंग. नवी गाडी खजराण्याच्या गणपतीला न नेता आधी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत नेली होती, याची सासूबाईंनी आठवण करून दिली.

वर्कशॉप देवास नाक्याकडे. तिथला अ‍ॅडव्हायझर भारी नम्र मुलगा. गाडीत बसून त्याने डोळे मिटले. बाहेर ए.बी. रोडवर ट्रक गर्जत होते. "सर, आवाज तो आ ही नहीं रही." पुढच्या खेपेला म्हणाला, "आ रही है, पर नॉर्मल है." वॉरंटीच्या राज्यात आवाजाच्या जाती दोनच, न येणारा आणि नॉर्मल.

मी हटत नाही म्हटल्यावर त्यांच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टॅबलेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागची सीट उचलली. खाली दोन हेअरपिना आणि मूठभर लौंग शेव. ती हाताने बाजूला सारून त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "फिल्टर का रेगुलेटर बज रहा है."

इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला ते साधारण 3 ते 4 बार दाबाचं लागतं. जास्तीचं परत टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, म्हणजेच रेगुलेटर, आमच्या गाडीत फिल्टरलाच जोडलेला. त्याची स्प्रिंग थरथरली की टाकी पेटीसारखी घुमते.

"पर सर, फिल्टर तो कंज्यूमेबल है, वॉरंटी में नहीं आता," अ‍ॅडव्हायझर म्हणाला.

मी पुस्तिका उघडली. ठरावीक किलोमीटरला बदलायच्या यादीत एअर फिल्टर होता, ऑइल फिल्टर होता, हा नव्हता. "जो बदलायचाच नाही, तो कंज्यूम कसा होईल, भिया?" तो केबिनमध्ये गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा कंपनीला व्हिडिओ हवा होता. शिवाय टाकी फुल करून आवाज दबतो का, हेही बघायचं होतं.

टाकी फुल केली. आवाज दबला. व्हिडिओ गेला, मंजुरी आली, पार्ट आला. मग फोन, "सर, टंकी खाली करके लाइए, भरी टंकी खोल नहीं सकते." शंभरावर भाव असलेलं पेट्रोल, ओतून थोडंच देणार? सासूबाईंना घेऊन उज्जैन केलं, महेश्वर केलं. पेट्रोल उतरत गेलं तसा हुंकार चढत गेला आणि त्या नेमक्या त्याच्यावरच बसलेल्या. ओंकारेश्वर येईतो त्यांना त्यात ओंकार ऐकू येऊ लागला. "बदलू नका हो तो," म्हणाल्या.

बदलला. बिल शून्य. गाडी इतकी गप्प झाली की ती सुरू आहे की नाही हे मीटरवर पाहावं लागतं. जुना फिल्टर मी मागितला, तर तो कंपनीकडे तपासणीला जाणार म्हणे.

"आणि तिथे तो वाजलाच नाही तर?"

"आपका वीडियो है ना, सर." त्याने टॅबलेटवर लावून दाखवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कचरागाडीचं गाणं, आणि त्यावर आमच्या सौभाग्यवतींचा टिपेला गेलेला आवाज, "हाच! ऐका, हाच तो!"

याच पुराव्यावर क्लेम पास झाला होता.