बंद दाराआड काय काय लपतं

एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो: "चांगल्या कथेला पलंग आणि रक्त दाखवावं लागत नाही. जुन्या दिग्दर्शकांनी काहीही न दाखवता अंगावर काटा आणला. आपल्या परंपरेनेही हे निषिद्धच मानलं होतं. प्रेक्षकाची कल्पनाशक्ती कुठल्याही दृश्यापेक्षा ताकदवान असते. जे काढून टाकलं तरी कथा चालते, ते अनावश्यक. दार बंद करण्यात सभ्यता आहे. ज्याला कथा सांगता येत नाही तो कपडे उतरवतो."

शेवटचं वाक्य मला अर्धं पटतं. ज्याला कथा सांगता येत नाही तो कपडे उतरवतो, तसाच पाऊसही पाडतो, ढोल बडवतो आणि तिसऱ्या भागात नायकाच्या आईला आजारी पाडतो. कथा न येण्याची लक्षणं पुष्कळ आहेत, त्यातल्या एकालाच रोग म्हणायचं कारण नाही. बाकीची विधानं मात्र एकेक करून बघायला हवीत.

"जुन्या दिग्दर्शकांनी काहीही न दाखवता…"

हॉलिवूडच्या ज्या काळाचे दाखले इथे दिले जातात, त्या काळात न दाखवणं ही दिग्दर्शकांची आवड नव्हती, त्यांच्यावर घातलेली अट होती. 1934च्या मध्यापासून अमेरिकेतल्या स्टुडिओंनी स्वतःवर लादून घेतलेली संहिता कडकपणे लागू झाली आणि ती 1968 साली गेली. चुंबन किती लांबावं, खून किती तपशिलात दिसावा, गुन्हेगाराला शेवटी शिक्षा व्हावी की नाही, सगळं त्यात ठरवलेलं होतं. या अटीत लोकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. 1946च्या 'नटोरियस'मध्ये दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने लांब चुंबनाचे बारीक तुकडे केले. ओठ टेकले की बाजूला, दोन वाक्यं, पुन्हा टेकले, मध्येच एक फोन. नियम मोडला नाही आणि प्रसंग चांगला अडीच मिनिटं चालला. हा माणूस संयमाचा आदर्श म्हणून सांगितला जातो, याची मला गंमत वाटते.

त्याच्याच 'सायको'तला (1960) न्हाणीघरातला खून हा या मजकुराचा लाडका पुरावा. "सुरी अंगाला लागताना एकदाही दिसत नाही!" पाऊण मिनिटाचा तो प्रसंग चित्रित करायला जवळजवळ आठवडा लागला. त्यात उघडे खांदे आहेत, ओरडणारं तोंड आहे, पोटाला टेकलेलं सुरीचं टोकही आहे आणि शेवटी मोरीत गोल फिरत जाणारं रक्त आहे (ते चॉकलेटचं सिरप होतं, कृष्णधवलात खपून गेलं). याला काहीही न दाखवणं म्हणायचं असेल, तर दाखवणं कशाला म्हणायचं? इतक्या जवळून आणि इतक्या तुकड्यांत त्या काळी कोणी खून दाखवत नव्हतं.

'जॉज'चं (1975) तेच. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून तो फार उशिरा नीट दिसतो, हे खरं आहे. भीती त्यामुळे वाढली, हेही खरं. पण त्याच चित्रपटात एका लहान मुलाच्या जागी पाण्यातून रक्ताचा फवारा उडतो, एक तुटलेला पाय तळाशी जातो आणि शेवटाकडे एक माणूस कमरेपर्यंत जबड्यात जातो, तोंडातून रक्त येतं. लपवलेला शार्क आपल्या ध्यानात राहिला, दाखवलेला पाय आपण सोयीस्कर विसरलो.

आणि अट उठल्यावर काय झालं? 1972 साली हिचकॉकने 'फ्रेन्झी' केला. त्यात एका कचेरीत एका स्त्रीवर बलात्कार होतो आणि तिचा टायने गळा आवळला जातो. दृश्य लांब आहे, कुरूप आहे, बघवत नाही. पुढे तोच खुनी दुसऱ्या स्त्रीला आपल्या खोलीवर घेऊन जातो. ती दोघं आत जातात, दार बंद होतं आणि कॅमेरा आवाज न करता जिना उतरायला लागतो. उलट्या पावली, पायरी पायरीने, बोळकांडीतून बाहेर, रस्त्यावर. तिथे बाजार नेहमीसारखा चालू आहे, पोती उचलली जातायत, कोणाला काही ऐकू येणार नाही.

बंद दाराची ताकद सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही. फक्त ते उदाहरण मजकुराच्या विरुद्ध जातं. आत काय चाललंय हे आपल्याला नेमकं ठाऊक असतं, कारण अर्ध्या तासापूर्वी आपल्याला ते दाखवलेलं असतं. पहिलं दृश्य कापून टाका, तो जिना नुसता जिना उरतो.

सगळी उदाहरणं अशी उलटत नाहीत, हे कबूल. फ्रित्झ लांगच्या 'एम'मध्ये (1931) मुलीचा खून दिसत नाही. तिचा चेंडू गवतातून घरंगळत येतो, तिचा फुगा तारांत अडकतो. तिथे काही दाखवायची गरज नव्हती आणि दाखवलं असतं तर चित्रपट उणावला असता. पण एका चित्रपटाला जे शोभलं त्याचा सगळ्यांसाठी कायदा करता येत नाही.

"आपल्या परंपरेनेही हे निषिद्धच मानलं"

मानलं होतं. युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून (दोन अंकांमधल्या छोट्या जोडप्रवेशातून) कळवाव्यात, असं भरताचं नाट्यशास्त्र सांगतं. शय्या, चुंबन, आलिंगन रंगमंचावर नको, असंही सांगतं. पण कारण काय दिलं आहे? नाटक बघायला बाप-लेक, सासू-सून एकत्र बसलेले असतात, हे. भरताने प्रेक्षागृहाची सोय बघितली आहे. दाखवल्याने कला हीन होते, असं कारण त्या जागी दिलेलं नाही. हल्ली माणूस कानात इयरफोन घालून एकटा बघतो, तेव्हा त्या कारणाचं काय करायचं, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी सांगावं.

शिवाय परंपरा एकसुरी कधीच नव्हती. संस्कृत नाटककार भासाच्या 'ऊरुभंगा'त गदायुद्ध सैनिकांच्या तोंडून वर्णिलं जातं, इथपर्यंत नियम पाळला. मग मांड्या मोडलेला दुर्योधन सरपटत रंगमंचावर येतो. त्याचा लहानगा मुलगा येतो आणि नेहमीच्या हक्काने मांडीवर बसायला बघतो. बापाला नाही म्हणावं लागतं. शेवटी तो सगळ्यांच्या देखत मरतो. ही जखम पडद्यामागे ठेवून हा प्रसंग कसा केला असता?

सूचकतेचा विषय निघाला की काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाचं नाव येतंच. ध्वनी, म्हणजे शब्दांतून सुचवलेला अर्थ, हा काव्याचा आत्मा, म्हणून उघड सांगू नका. पण 'ध्वन्यालोका'त त्याचा एक दृष्टांत आहे: ज्याला उजेड हवा तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, तसं ज्याला व्यंग्य (सुचवलेला) अर्थ हवा त्याने वाच्य (उघड सांगितलेल्या) अर्थाची काळजी घ्यावी. ध्वनी म्हणजे गाळणं, असा त्याचा अर्थ लावायला फारच हिंमत लागते. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'तला शिव-पार्वतीचा शृंगार त्याला अनुचित वाटला, तसं त्याने लिहिलंही. मात्र लगेच असंही म्हटलं की कवीच्या प्रतिभेने तो दोष झाकला जातो. नवव्या शतकातला हा टीकाकार आजच्या फॉरवर्डपेक्षा मोकळा होता, असं म्हणायला हरकत नाही.

"कल्पनाशक्ती कुठल्याही दृश्यापेक्षा ताकदवान"

भीतीच्या बाबतीत बरेचदा खरं. अंधारात काय असेल, हे प्रत्येकाला आपापलं सुचतं. पण कल्पनाशक्ती आतून काही नवं काढत नाही, जवळ असलेलंच वापरते. ज्याने छळ बघितलेला नाही त्याच्या डोळ्यांसमोर 'छळ' या शब्दाने जुन्या चित्रपटांतली दृश्यंच येतात. बंद दाराआडच्या बलात्काराबद्दल तर बघणारे आपापल्या वकुबाने जागा भरतात आणि "तिचीही थोडी इच्छा असेलच" असं भरणारे कमी नसतात. त्यांच्या कल्पनेवर कथा सोपवायची का?

नाझी छळछावण्यांवरचे दोन माहितीपट इथे आठवतात. अलां रेनेच्या 'नाइट अँड फॉग'मध्ये (1956) प्रेतांचे ढीग आहेत, बुलडोझरने ढकलली जाणारी शरीरं आहेत. क्लोद लान्झमानच्या 'शोआ'त (1985) नऊ तासांहून अधिक वेळात जुनं चित्रण अजिबात नाही. माणसं बोलतात, कॅमेरा आजचं गवत, आजचे रूळ बघतो. दोन्ही ठिकाणी निर्णय विचार करून घेतलेला आहे आणि दोन्ही आवश्यक आहेत. रेनेच्या बाबतीत फ्रेंच सेन्सॉरला मोठी अडचण कशाची झाली? एका फोटोतल्या टोपीची. छावणीवर पहारा देणारा शिपाई फ्रेंच आहे, हे त्या टोपीवरून कळत होतं. ती झाकावी लागली.

"काढून टाकलं तरी कथा चालते, म्हणजे अनावश्यक"

या कसोटीवर कथेत काय उरेल? विनोद काढा, कथा चालते. प्रवास काढा, चालते. माणसं नुसती खिडकीशी उभी आहेत ते काढा. शेवटी कथानकाचा सारांश उरतो आणि तो वाचायला कोणी तिकीट काढत नाही. पाठलागाच्या दृश्याबद्दल "याची गरज होती का?" असं कोणी विचारत नाही. हा प्रश्न फक्त शरीरासाठी राखून ठेवलेला आहे.

'डोन्ट लूक नाऊ'मध्ये (1973) मुलगी बुडून गेलेलं एक जोडपं आहे. त्यांच्या समागमाच्या दृश्यात दिग्दर्शक निकोलस रोगने मधूनमधून नंतरचे तुकडे पेरले आहेत: ती दोघं बाहेर जायला कपडे घालतायत, ती आरशात बघते, खोलीत दोन अनोळखी माणसांसारखी शांतता आहे. नुकतं किती जवळ होती आणि लगेच किती लांब गेली, हे एकाच वेळी दिसतं. ते काढलं तरी कथा चालते, हो. पण एरवी आपल्याला त्या दोघांमधला ताणच जास्त दिसतो. जवळीक राहिली आहे, हे फक्त इथे कळतं आणि मग शेवट जास्त दुखतो.

"दार बंद करण्यात सभ्यता आहे"

माझा खरा आक्षेप इथे आहे. अमेरिकेत 1984 साली चित्रपटांसाठी पीजी-13 ही मधली श्रेणी आली. तिच्यात बसणारी साहसपटांची एक जात सगळ्यांच्या ओळखीची आहे: इमारती कोसळतात, शेकडो माणसं मरतात, रक्त जवळजवळ नाही. मेलेला माणूस चौकटीबाहेर पडतो आणि नायक विनोद करतो. हे मुलांना दाखवायला आपल्याला काही वाटत नाही. गोळी लागल्यावर माणूस किती वेळ तडफडतो हे दाखवलं, की मात्र 'हिंसक चित्रपट'. मला उलट वाटतं. पहिल्या प्रकारात मारणं स्वस्त होतं.

लैंगिक हिंसेत तर सूचकतेचा इतिहास आणखी वाईट आहे. एके काळच्या हिंदी चित्रपटांतला ठरलेला प्रसंग आठवा: खलनायकाचं हसू, फाटलेली बाही, उघडा खांदा, मग फुटलेला दिवा. 'दाखवलं' तसं काही नाही. पण कॅमेरा सगळा वेळ खलनायकाच्या नजरेने बघत होता आणि पोस्टरवर तोच खांदा होता. सभ्यतेच्या नियमात राहून लाळ गाळायची ती रीत होती.

'बँडिट क्वीन'चा खटला याच्या शेजारी ठेवून बघा. त्यातल्या नग्न धिंडीच्या दृश्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली म्हटलं, की ते वासना चाळवत नाही, त्या स्त्रीबद्दल करुणा आणि ते करणाऱ्यांबद्दल घृणा निर्माण करतं. मला हे पटतं. पण ज्या बाईची ती कथा होती त्या फूलनदेवी तेव्हा हयात होत्या आणि चित्रपटाविरुद्ध स्वतः न्यायालयात गेल्या होत्या. इथे माझा युक्तिवाद अडखळतो, हे मान्य करायला हवं. जिवंत माणसाची विटंबना त्याच्या मर्जीविरुद्ध पुन्हा उभी करायची का, या प्रश्नाचं उत्तर दृश्य चांगलं झालंय एवढ्याने मिळत नाही. नटनट्यांच्या संमतीचं तसंच. मारामारीसाठी फाइट मास्टर कित्येक दशकं असतो, समागमाच्या दृश्यासाठी प्रशिक्षित समन्वयक ठेवण्याची पद्धत मात्र 2018च्या सुमारास रुजायला लागली. तोवर "तुम्ही दोघं बघून घ्या" असा कारभार चालायचा. हे आक्षेप खरे आहेत, जड आहेत. पण त्या मजकुरात ते कुठेच नाहीत.

राहता राहिलं "कुटुंबासोबत बघता येत नाही". नाही बघता येत. प्रमाणपत्र त्यासाठीच असतं.

आजकालच्या मालिकांमधली अशी बरीच दृश्यं मीही पुढे ढकलतो, कारण ती कंटाळवाणी असतात. दहा-दहा सेकंदांच्या तशाच उड्या मी गाड्यांच्या पाठलागातही मारतो. त्याविरुद्धचा मजकूर अजून कोणी पाठवलेला नाही.