स्प्रेचा डबा, पडवीतली ट्यूब आणि घड्याळामागचा कोळी

परवा वळवाचा पहिला दणका बसला आणि त्या रात्री पडवीतल्या लाईटीभोवती पंखाच्या वाळवीचा नुसता धुरळा. सकाळी फरशीवर ओंजळभर पंख गोळा केले. केर भरत होते तेवढ्यात शेजारच्या अक्का गेटपाशी हजर, "आता बघ ग जेड येतंय घरात, स्प्रे आणून ठेव आधीच." (जेड म्हणजे कन्नडात कोळी. अक्कांचं अर्धं बोलणं कन्नड अर्धं मराठी, आमचंही तसंच झालंय आता.) म्हटलं अक्का, काय पण करा, त्या स्प्रेचं नाव काढू नका. मग त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितेय, कारण पावसाच्या तोंडावर घरोघरी हेच सुरू होतंय.

आमचं घर बेळगावच्या शहापुरातलं जुनं, मंगळुरी कौलं, लाकडी वासे, सोप्यावर माळा, मागं परडं आणि परड्यात भिंतीला टेकून रचलेलं जळण. म्हणजे कोळ्यांसाठी लॉजच म्हणा की. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी साफसफाई काढली आणि मला हुक्की आली, की दरवर्षी काय काठीला केरसुणी बांधून मान मोडून घ्यायची, एकदाच काय तो बंदोबस्त करून टाकू. दुकानातनं डबा आणला आणि माळा, वासे, फोटोंच्या मागं, कपाटांच्या खाली असा अख्खा रिकामा केला. आत्ती खोकून खोकून बेजार झाल्या ते वेगळंच, पण संध्याकाळी आमची मनी लाळ गाळायला लागली, कान फडफडायला लागले, पाय थरथर. तसंच टॉवेलात गुंडाळून रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरांकडं. त्यांनी आधी विचारलं काय, तर "घरात काय मारलंय?" डब्याचा फोटो दाखवला. आत पायरेथ्रॉइड जातीचं औषध होतं, आणि मांजराच्या लिव्हरला ते माणसासारखं किंवा कुत्र्यासारखं मोडून बाहेर टाकता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दोन दिवस गेले, वाचली बिचारी.

आणि कोळी? आठवड्यात परत त्याच कोपऱ्यात, त्याच वाशाला. जसं काय गावाला जाऊन आले.

त्यानंतर मी जरा वाचायला लागले ह्या विषयावर, आणि कारण अगदी साधं निघालं. झुरळ भिंतीला अंग घासत चालतंय, मिशा तोंडातनं ओढून साफ करतंय, त्यामुळं फरशीवर मारलेलं औषध त्याच्या पोटात जातंय. कोळी आठ पायांच्या नुसत्या टोकांवर चालतो, अंग वर उचललेलं, आणि बऱ्याच जाती तर दिवसभर स्वतःच्या जाळ्यातच लटकून असतात, त्यांचा भिंतीशी संबंध येतोय कुठं. थेट अंगावर फवारा बसला तर मरेल, नाहीतर आपण औषध मारतो ते आपल्या नाकाला, मुलांच्या हाताला आणि मांजराच्या पंजाला.

मग म्हणे घरगुती उपाय करा. मोबाईलवर रोज एक व्हिडिओ येतोय, लिंबू घासा, पुदिन्याचं तेल शिंपडा, कापूर ठेवा. मी सगळं करून बसलेय बाई. लिंबाच्या तेलाचा कोळ्यावर परिणाम होत नाही हे प्रयोगातनंही दिसून आलंय, तेव्हा लिंबं सरबताला वापरा. पुदिन्याच्या तेलाला काही जाती टाळतात हे खरं, पण वास उडाला की संपलं, दर दोन-चार दिवसांनी परत शिंपडायचं आणि तेही मांजरांना चांगलं नाही. कापराचं तर मला भ्याच वाटतंय, पांढरी वडी बघून लहान पोरानं तोंडात घातली तर झटके येऊ शकतात. नैसर्गिक म्हटलं की आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, अहो ते पायरेथ्रॉइडसुद्धा मुळात शेवंतीच्या जातीतल्या एका फुलातल्या द्रव्याची नक्कल करूनच बनवलंय.

खरा फरक पडला तो एका गोष्टीनं आणि ती इतकी फालतू वाटते की मी सांगितलं की लोक हसतात. पडवीतली पांढरी ट्यूब काढली. तिथं पिवळा एलईडी लावला, आणि जेवणं झाली की तोही बंद. कोळ्याला आपल्या घराशी काय देणंघेणं नाही, तो येतो पाखरांच्या मागं, आणि पाखरं येतात पांढऱ्या लाईटीवर. पिवळ्यावर ती कमी येतात. महिनाभरात पडवीच्या कोपऱ्यातली जाळी निम्म्यावर आली. मग जळण भिंतीपासनं दोन हात लांब रचलं, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके काढून झाकणाचे डबे आणले (ह्यांची कुरकुर झाली खर्चावरनं, होऊ दे), न्हाणीच्या खिडकीला बारीक जाळी मारली, मागच्या दाराखाली रबरी पट्टी. आणि केरसुणी परत हातात घेतली, त्याला पर्याय नाही. फक्त जाळं काढताना अंड्यांची पिशवी दिसली तर ती आधी काढायची, पांढरा नाहीतर मातकट कापसाचा गोळा असतो तो, एकेकीत शेकड्यानं पिल्लं असू शकतात, ती राहिली तर सगळी मेहनत वाया.

लाईटीवरनं आठवलं. आपल्याकडं अंगावर जळजळीत फोडांचा पट्टा उठला की म्हणतात "कोळी मुतला". पावसाळ्यात दर घरात एकाला तरी हे होतंय. ते कोळ्याचं काम नसतंय हो! बऱ्याचदा एक मुंगीसारखा लांबट, काळा-केशरी किडा असतो, सेंटीमीटरभर पण नाही, तो लाईटीवर येतो, मानेवर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते. तेव्हा दिसला तर चिरडू नका, फुंकून उडवा, आणि रस लागलाच तर साबणानं धुवा. पण पट्टा एकाच बाजूला असेल आणि फोडांच्या आधीपासनं ठणकत असेल तर ती नागीण असू शकते, त्याचं औषध तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर चांगलं लागू पडतंय, गेरू फासत बसू नका. आमच्या नात्यातल्या एका म्हातारीनं कोळ्यावर खापर फोडत आठ दिवस घालवले आणि नंतर वर्षभर कळा सोसल्या.

आता माझं मत, कुणाला पटो न पटो. सगळे कोळी काढायचेच नाहीत. कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांचा, बोट लावलं की गदागदा हलणारा, जळमटं करतो तो, त्याला मी काढते, कारण पाहुणे आले की आत्तींना लाज वाटते. खिडकीच्या काचेवर उड्या मारणारा बारका, मान वळवल्यासारखा वळून आपल्याकडं बघतो तो, माश्या-डास धरतोय, जाळं करत नाही, त्याचा मला कसला त्रास? आणि तो मोठा चपटा, तळहाताएवढा, रात्री भिंतीवर दिसला की पोरं किंचाळतात, मादी असली तर पोटाखाली बत्ताशासारखी पांढरी पिशवी घेऊन फिरते. जीव घाबरतो, मान्य, पण तो जाळं करत नाही आणि झुरळं खातो. मुद्दाम हातात दाबलं तर चावेल, दुखेल, त्यापलीकडं काय नाही. अगदीच नको असेल तर वर डबा पालथा घाला, खालून लग्नपत्रिका सरकवा (जाड असतात हल्ली, कशाला तरी उपयोग) आणि परड्यात सोडून या.

अक्कांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांचं वेगळंच. म्हणाल्या, जेडर म्हणजे विणकर पण, जेडर दासिमय्या वचनकार (म्हणजे कन्नडात वचनं रचणारे संतकवी) होऊन गेले ते विणकरच होते, आणि वडगावच्या मागावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या घरात कोळी मारायचा म्हणजे बघ बाई. मी म्हटलं आमच्यात कोळी म्हणजे मासे धरणारा. एकाच किड्यात तुम्हाला माग दिसला, आम्हाला जाळं. बराच वेळ हसत बसलो, दूध उतू गेलं.

तर असं. सध्या सोप्यातल्या घड्याळामागं एक चपटा मुक्कामाला आहे, आत्तींना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. आणि शहापूर, वडगाव नाहीतर अनगोळकडं कौलं चाळणारा चांगला माणूस कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा, माळ्याच्या वर तीन-चार कौलं सरकलीत, मृगाच्या आधी बसवून घ्यायचीत.