फडताळातलं इंग्लंड

मुलाचा फोन आला, आई, माझ्या मैत्रिणीचे आईबाबा डिसेंबरात चार दिवस आपल्याकडे राहायला येतायत, तू टेन्शन घेऊ नको. म्हणजे घ्यायलाच पाहिजे! इंग्लंडात लेस्टरला अठरा वर्षं झाली आम्हाला, पण फडताळ उघडलं की पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, कोकम, आणि इंग्लिश म्हणाल तर चहा, तोही आलं ठेचून. हे म्हणाले, त्यांना सकाळी सकाळी थालीपीठ देणारेस का?

गेलो मग सुपरमार्केटात. ह्यांनी पहिल्या झटक्यात डायजेस्टिव्ह बिस्किटांचे चार पुडे उचलले, का तर गॅसेसवर बरे. मिन्समीटची बरणी बघून मी, शाकाहारी बाई, दोन पावलं मागे, तर ह्यांनी वाचून दाखवलं, अगं मनुका आणि सफरचंद आहे, मांस फक्त नावात. खूश होऊन ट्रॉलीत टाकली आणि खाली बारीक अक्षरांत, बीफ सुएट, म्हणजे चरबी. परत ठेवली. वुस्टर सॉसचंही तेच (स्पेलिंग केवढं लांब आणि म्हणायचं नुसतं वुस्टर), चिंच, काकवी, लसूण वाचून मनात आमटी उकळायलासुद्धा लागली होती, आणि मधेच अँकोव्ही. मासे! त्यातल्या त्यात कस्टर्ड पावडरने लाज राखली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये ती बिनअंड्याची केली, कारण त्याच्या बायकोला अंडं चालायचं नाही. त्या माउलीला मी तिथेच मनातल्या मनात हळदकुंकू लावलं.

राहता राहिलं मार्माईट. १९०२ पासूनचं, बर्टन अपॉन ट्रेंटचं, बिअर करून उरलेल्या यीस्टचं, काळंभोर आणि चिकट. हे घरी आल्या आल्या म्हणाले, आधी आपण टेस्ट करू, आणि टोस्टवर जॅमसारखा चांगला जाड थर दिला. खरं तर ते नखाएवढं घेऊन लोण्यावर फिरवायचं असतं, हे मुलाने नंतर सांगितलं. तोवर ह्यांनी नळ सोडून त्याखाली तोंड धरलं होतं आणि मधून मधून फक्त "मीठ, मीठ" ऐकू येत होतं.

पाहुणे आले. फडताळ बघून बाई म्हणाल्या, हाऊ लव्हली, आणि हातात एक पिशवी दिली, मुलगा म्हणाला तुमच्याकडे इंग्लिश काहीच नसतं म्हणून आणलं.

मार्माईट. अर्ध्या किलोची बरणी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी थँक्यू म्हटलं आणि साबुदाण्याचा डबा खालच्या खणात सरकवला.