मटणात नुसती चरबी? कुठल्या मटणात, कुठल्या भागात?

गटारी जवळ आली की एक मेसेज हमखास फिरतो: "चिकन पांढरं, म्हणून बिनचरबीचं. मटण म्हणजे नुसती चरबी, रश्शावरचा तवंगच बघा. खायचंच असेल तर चरबी काढून घ्या, कोलेस्टेरॉल गेलं!"

चिकन बिनचरबीचं, पण कोणता पीस? कातडी काढलेल्या कच्च्या छातीत 100 ग्रॅमला चरबी जेमतेम 3 ग्रॅम. त्याच कोंबडीच्या कातडीसकट मांडीत ती 15 ग्रॅमच्या आसपास जाते. कोंबडीची चरबी मुख्यतः कातडीखाली आणि पोटात असते, सोलली की बरीचशी गेली. कातडीसकट तळलेला लेग पीस हाणणाऱ्याने छातीचे आकडे सांगू नयेत.

आता मटण. आपल्याकडे ते बहुतेक बोकडाचं. बोकडाची चरबी साठते आतड्यांभोवती आणि गुर्द्यांभोवती. मांसाच्या धाग्यांत फार थोडी. त्यामुळे साफ केलेल्या कच्च्या मांसात 100 ग्रॅमला 2 ते 3 ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या छातीएवढीच. मेंढीचं तसं नाही, तिच्या कातडीखालीही चांगला थर असतो. आणि एकाच बोकडातही फरक आहेच. दुकानात राण आणि सीना शेजारी ठेवून बघा: राणेवर वरवरचा पापुद्रा, तर सीन्यात मांसाचा एक थर, चरबीचा एक. "थोडा सीना टाका, रस्सा चांगला होतो" असं सांगून तो मागून घेतो आपणच.

तवंगाचा पुरावा तर फारच कच्चा. लाल तर्री ही बहुतांशी फोडणीत आपण ओतलेलं तेल, त्यात उतरलेला मिरचीचा रंग. उरलेला रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पांढरट, घट्ट थर जमेल ती बोकडाची चरबी. ती अशी थिजते कारण तिच्यात संपृक्त चरबी जास्त, कोंबडीच्या चरबीपेक्षाही. एवढं मात्र मेसेजवाल्यांचं मान्य.

राहिलं कोलेस्टेरॉल. ते पेशींच्या आवरणात असतं, म्हणून निव्वळ मांसातही असतंच. चरबी छाटल्याने जात नाही. कलेजीत चरबी कमी, पण कोलेस्टेरॉल साध्या मांसाच्या कितीतरी पट. भेज्यात तर 100 ग्रॅमला 1000 मिलिग्रॅमच्याही वर. त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.