देवचार कुणाचा? – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना पहिला मुद्दा पटला, आणि मग दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं बरं वाटेना. म्हणून हे लांबण.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: निरनिराळ्या धर्मांतल्या दुष्ट शक्तींबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, ‘असुर, सैतान, जिन, मार, सगळे एकाच माळेचे मणी.’ (मार म्हणजे बौद्ध कथांत बुद्धाला मोहात पाडायला येणारा.) त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्याने असुराला सैतानाच्या पंगतीला बसवणं अडाणीपणाचं आहे (शब्द तुमचा). निखळ दुष्ट असा कुणी असतो ही कल्पनाच परकी, आपल्याकडे ती नाही. आणि एवढं सगळं लिहून भूतं असतात की नसतात यावर मी मूग गिळून बसलो.

पहिलं मान्य. वाक्य चुकलंच. पण किती चुकलं हे तुम्ही दिलेल्या बळीराजाच्या उदाहरणातून पूर्ण दिसत नाही, त्यासाठी आणखी मागे जायला हवं. ऋग्वेदात ‘असुर’ ही शिवी नाही. वरुण असुर, मित्र असुर, इंद्र आणि अग्नीलासुद्धा तो शब्द मानाने लावलेला. तिसऱ्या मंडलातल्या एका सूक्ताची प्रत्येक ऋचा ‘महद्देवानामसुरत्वमेकम्’ या चरणाने संपते. देवांचं थोर असुरत्व! पुढे ब्राह्मणग्रंथांपर्यंत (वेदांनंतरचे यज्ञविधींचे ग्रंथ) येईतो असुर हे देवांचे वैरी ठरून गेले होते.

आता गंमत बघा. आपल्या शेजारी इराणात हेच उलट्या बाजूने घडलं. तिथे ‘अहुर’ परमेश्वर झाला, अहुर मज्द. आणि ‘दएव’, म्हणजे आपला देव, दुष्ट ठरला. पारशांच्या ‘वेंदिदाद’ या ग्रंथाच्या नावाचाच अर्थ ‘दएवांविरुद्धचा कायदा’. त्यात दएवांची नावं येतात, त्यांत इंद्र आहे, सौर्व म्हणजे आपला शर्व (रुद्राचंच एक नाव) आहे, नाओंघैथ्य म्हणजे नासत्य, आपले अश्विनीकुमार आहेत. इराणचा सम्राट क्षयार्ष (इ.स.पू. ४८६ ते ४६५) याचा एक शिलालेख पर्सेपोलिस या त्याच्या राजधानीत सापडला. त्यात तो सांगतो, की माझ्या राज्यात एके ठिकाणी दएवांची पूजा चालायची, ते स्थान मी मोडलं आणि दएवांना यापुढे पुजायचं नाही असं फर्मावलं. उदवाडा, नवसारी, मुंबई इथे अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, वेंदिदाद आजही मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत म्हटला जातो. म्हणजे ज्या इंद्राला आपण देवांचा राजा म्हणतो, त्याचं नाव काही स्टेशनं पलीकडे राक्षसांच्या यादीत आहे. आणि हे आपले अतिशय सज्जन शेजारी!

त्यामुळे ‘असुर म्हणजे सैतान’ हे मागे घेतो. पण तुमचं दुसरं म्हणणं मात्र गळी उतरत नाही. आपल्याकडे निखळ दुष्ट नाही, तो तिकडचा माल, असं म्हणताना तुम्हीही एक माळ ओवलीत. फक्त मणी वेगळे घेतलेत.

तिकडचा सैतान तरी कुठे मुळापासून तसा आहे? हिब्रू बायबलातल्या ईयोबाच्या गोष्टीत ‘सातान’ हे विशेषनामसुद्धा नाही, ते पदाचं नाव आहे. आरोप ठेवणारा. देवाच्या दरबारात तो इतरांबरोबर हजर होतो, ईयोबाची निष्ठा तपासायची परवानगी मागतो, आणि मिळाली तेवढीच परवानगी वापरतो. आपल्या भाषेत सरकारी वकील म्हणा. कुराणात जिनांवर एक अख्खा सूरा (अध्याय) आहे, बहात्तरावा. त्यात जिनांची एक टोळी कुराण ऐकून श्रद्धावान होते, आणि स्वतःच सांगते की आमच्यात नेक आहेत आणि तसे नसलेलेही आहेत. जिन म्हणजे भूत नव्हे. माणूस मातीचा, जिन आगीचा, दोघांनाही जाब द्यायचाय, इतका सरळ हिशोब. सैतानी बाजू इब्लिसकडे जाते, आणि त्याचा गुन्हा काय, तर आदमपुढे झुकायला नकार.

ग्रीकांचा ‘दैमोन’ घ्या. सॉक्रेटिस सांगायचा, की चुकीचं काही करायला निघालो की आतून एक दैवी खूण मला थांबवते. त्या खुणेला तो ‘दैमोनियोन’ म्हणे. त्याच शब्दाचं पुढे काय झालं? ज्यूंनी आपला धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणला तेव्हा परराष्ट्रांच्या देवांसाठी हाच शब्द वापरला, आणि संत पौलाने करिंथकरांना लिहिलं की परधर्मीय लोक यज्ञ करतात ते देवाला नव्हे, दैमोनियांना. माणसाला आवरणारा आतला आवाज शेवटी झपाटणारं भूत झाला.

इराणात देव उलटला, इथे असुर उलटला, ग्रीकमध्ये दैमोन. मला आता वाटतं ते असं: राक्षस कोण हे त्याच्या वागण्यावरून ठरत नाही, आपली वेस कुठे पडते त्यावरून ठरतं. पलीकडचा देव अलीकडे आला की भूत होतो. मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं, आणि लिहिलं ‘एकाच माळेचे मणी’. आळस, दुसरं काही नाही.

हे पुस्तकांतून कळायच्या आधी मला घरी कळलं होतं, पण तेव्हा ते कळलंय हे कळलं नव्हतं. माझं आजोळ उत्तर गोव्यातलं, पेडण्याकडचं. आजीच्या लेखी देवचार म्हणजे राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री गावाची शीव फिरणारा. त्याला वर्षाला रोट द्यायचा, विडी द्यायची, थोडी दारूही. तिन्हीसांजेला बांधावरून एकटा आलो तर आजी म्हणायची, भिऊ नको, तो आहे. आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या माझ्या ख्रिस्ती मित्राची आई त्याने काही उपद्व्याप केला की ओरडायची, ‘देंवचारा!’ तिच्या कोंकणीत देंवचार म्हणजे सैतान. प्रार्थनेत ज्याच्यापासून वाचव म्हणून देवाला विनवायचं तो. एकच शब्द, एकच पाऊलवाट, दोन घरांत दोन अर्थ. सोळाव्या शतकात गोव्यात नवा धर्म आला आणि जुना राखणदार त्या धर्माच्या बोलीत सैतानाच्या जागी जाऊन बसला. मी लहानपणी दोन्ही घरांत जेवलोय, आणि संध्याकाळी नेमकं कुणाला घाबरायचं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

इथवर तुम्ही खूश असाल: बघा, आपला राखणदार, त्यांनी सैतान केला. थांबा. तिसरा अर्थ आपल्याच घरातला आहे. कोकणातल्या जुन्या समजुतीत देवचार म्हणजे लग्नानंतर मेलेल्या शूद्राचं भूत. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध, मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाचा मुंजा, मुसलमानाचा खवीस; हा शब्दही अरबी ‘खबीस’वरून, म्हणजे दुष्ट. आपण भुतांनासुद्धा जात आणि धर्म चिकटवले. बाळंतपणात गेलेली बाई हडळ. जिला जिवंतपणी वाचवता आलं नाही, तिलाच मेल्यावर घाबरायचं. याला ‘आपल्याकडे निखळ दुष्ट कुणी नाही’ असं म्हणून गौरवायची माझी तयारी नाही.

बाळंतपणाचं निघालंच आहे तर हारितीबद्दल लिहितो, कारण मूळ लेखात ती राहून गेली आणि मला ती सगळ्यांत आवडते. राजगृहाची यक्षिणी, स्वतःची पाचशे पोरं, आणि गावातली बाळं पळवून खायची. बुद्धाने तिचं सगळ्यांत धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली. पाचशेंतलं एक गेलं तर ही अवस्था, मग ज्यांचं एकुलतं एक तू नेलंस त्यांचं काय, असं त्याने विचारलं. तिने बाळं खाणं सोडलं आणि मग विचारलं, आता आम्ही खायचं काय? बुद्धाने तिला मंत्राने जाळलं नाही. भिक्षू रोज आपल्या अन्नातला वाटा काढून ठेवतील असं सांगितलं. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवलंय की इथल्या विहारांत देवडीत किंवा भोजनशाळेच्या कोपऱ्यात तिची मूर्ती असते, कडेवर मूल घेतलेली, आणि तिच्यापुढे रोज जेवण ठेवतात. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात ती पांचिकासोबत, म्हणजे नवऱ्यासोबत, बसलेली आहे. पुढच्या वेळी गेलात तर रंगीत छतात अडकून राहू नका, आतल्या छोट्या गाभाऱ्यात डोकवा. हीच बाई जपानमध्ये किशिमोजिन झाली, टोकियोत तिचं देऊळ आहे, आणि बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका तिथे जातात. तिच्या नावात ‘राक्षस’ या अर्थाचं जे अक्षर आहे, त्याचा शिंगासारखा वरचा फटकारा काही देवळांत मुद्दाम गाळून लिहितात. शिंग उतरलंय म्हणून!

सटवाईची पूजा आपण पाचवी-सहावीला का करतो हे मला यावरून थोडंफार उमगलं. जिची भीती वाटते तिलाच पाळण्याशी बोलावून घ्यायचं.

उलट टोक हवं असेल तर इराकातल्या निप्पूरला जा. तिथल्या घरांच्या उंबऱ्याखाली पालथ्या पुरलेल्या मातीच्या वाडग्या सापडल्या, साधारण पाचव्या ते आठव्या शतकातल्या. आतून गोल गोल ओळींत अरामी मंत्र लिहिलेले. बाळाला आणि बाळंतिणीला छळणाऱ्या लिलिथ या राक्षसीला त्यांतल्या काही वाडग्यांत चक्क ज्यू कायद्याप्रमाणे घटस्फोटाचा कागद दिलाय: तुला सोडचिठ्ठी दिली, आता या घरावर तुझा हक्क नाही. ज्याच्यासाठी वाडगी केली त्याची ओळख आईच्या नावाने, अमकीचा मुलगा तमका. आणि लिहून घेणारे सगळे ज्यूच होते असं नाही, कित्येकांची नावं शुद्ध इराणी आहेत. देव वेगवेगळे असतील. लेकरू तापाने फणफणलं की मांत्रिक सगळ्यांचा एकच. वेस ओलांडायला भीतीइतकी पटकन कुणी तयार नसतं.

आता तिसरा मुद्दा. भूतं आहेत का? मला दिसलेली नाहीत आणि माझा विश्वास नाही. मूळ लेखात हे लिहिलं नाही, कारण तो लेख माणसं काय मानतात याबद्दल होता. पण तुम्ही मूग गिळल्याचा आरोप केलात तो पूर्ण खोटाही नाही, कारण एक गोष्ट लिहायला हवी होती. भूत खरं असो नसो, भूत उतरवण्याचा मार खरा असतो. सातपुड्यात, नंदुरबारकडे ‘डाकीण’ ठरवलेली बाई ही लोककथा नाही, तिला घर सोडावं लागतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं असं एकेक नाव घेऊन लिहिलंय. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. ती अनुसूची वाचताना अंगावर काटा येतो, कारण कुणीतरी कुठेतरी हे केल्याशिवाय कायद्यात इतका तपशील येत नाही.

तुम्ही लिहिलंय की अशा लेखांनी भगतांचं फावतं. असेल. पण ‘हे सगळं थोतांड’ एवढं म्हणून मी गप्प बसलो तर हारितीची गोष्टही जाते, आणि तिच्यात भुताला न मारता जेवायला घालण्याची जी अक्कल आहे, तीही.

राहता राहिला मार. त्याला मी त्या माळेत ओवला हे सगळ्यांत जास्त चुकलं. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या जुन्या ग्रंथांत, मार बुद्धाला पुन्हा पुन्हा सतवायला येतो, आणि दर वेळी बुद्ध फक्त ओळखतो, हा मार आहे. ‘भगवंतांनी मला ओळखलं’ म्हणत तो खट्टू होऊन तिथल्या तिथे नाहीसा होतो. झटापट नाही, कोंबडं नाही, लिंबू नाही. एका सुत्तात तर तो बुद्धाचा शिष्य मोग्गल्लान याच्या पोटात शिरतो, आणि मोग्गल्लानाला वाटतं, पोट इतकं जड का, उडीद भरल्यासारखं? मग ओळखून म्हणतो, बाहेर ये. आणि पुढे सांगतो, अरे, मागे एका काळी मीच दूसी नावाचा मार होतो, काली माझी बहीण, तू तिचा मुलगा. म्हणजे नात्याने तू माझा भाचा.

मूळ लेखातलं ते वाक्य आज खोडलंय. तिथे आता भाच्याची ही गोष्ट आहे. पाडव्याच्या ओवाळणीत तुमच्या घरी बळीची रांगोळी काढत असाल तर फोटो जरूर पाठवा.