नाव एक, स्पेलिंगं चार

१७८८ ते १८६८ दरम्यान ऑस्ट्रेलियात धाडलेल्या कैद्यांची उंची, केसांचा रंग, अंगावरचं गोंदणसुद्धा नोंदलेलं सापडतं, हे तिथल्या कैदी पूर्वजांच्या शोधावरच्या एका लेखात वाचून हेवाच वाटला. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. पोर्तुगीजांविरुद्ध राणे घराण्याने १८९५ मध्ये केलेल्या बंडानंतर खापरपणजोबांना पोर्तुगीजांनी हद्दपार करून दूर तिमोर बेटावर नेलं, एवढंच आजी सांगायची. वंशावळीत त्यांच्यापुढे नुसती रेघ. तिथी ठाऊक नाही म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला.

पणजीच्या पुराभिलेखागारात दोन पावसाळे घालवल्यावर उमगलं, मी स्पेलिंगच चुकीचं शोधत होतो. पोर्तुगीज कागदांत प्रभूचा पोरोबो होतो, शेणवीचा सिनाय, आणि नाईकातला ‘क’ क्यू अक्षराने लिहिलेला. म्हणून आडनावाला चिकटू नका. गाव आणि बापाचं नाव धरा. हिंदूंचे जन्मदाखले साधारण १९१४ पासूनच मिळतात, त्याआधीच्या काळासाठी देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत सदस्यांच्या, याद्या बघाव्यात. ख्रिस्ती घरांना बाप्तिस्म्याची दप्तरं तरी असतात.

लेखात म्हटलंय, लोक कैदी पूर्वज लपवायचे. आमच्याकडे उलटं, प्रत्येकाला बंडखोरच हवा! ‘गुरं चोरून गेला असेल तर?’ एवढंच विचारलं, तर काका चतुर्थीला माझ्याशी बोलले नाहीत.