खूण जवळची की लांबची? एका निवृत्त सर्व्हेअरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

क्वेसारच्या (म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांच्या तेजस्वी गाभ्यांच्या, ज्यांच्या रेडिओ लहरी आपल्या अँटेनांना पकडता येतात) मदतीने पृथ्वीचं फिरणं आणि जमिनीचं सरकणं कसं मोजतात, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'एक निवृत्त सर्व्हेअर' या नावाने सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितोय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मोजणीत खूण जवळची आणि पक्की असावी लागते. अब्जावधी प्रकाशवर्षं लांबची, त्यातून प्रचंड वेगाने दूर पळणारी वस्तू खूण कशी होईल? जीपीएस असताना हा खटाटोप कशासाठी? हजारो किलोमीटरच्या अंतरात मिलिमीटर मोजले हा दावा तुम्हाला पटत नाही. आणि दिवस चोवीस तासांचा आहे, त्यातले हजारावे भाग मोजून कुणाचं काय भलं होणार?

पहिल्या आक्षेपाचं उत्तर तुमच्याच पेशात आहे. अंतर मोजताना खूण जवळची बरी, हे मान्य. पण दिशा धरायची असते तेव्हा? थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) उभा केल्यावर शून्य अंश तुम्ही शेजारच्या विजेच्या खांबावर धरत नसणार. लांबच्या डोंगरावरचा ट्रिग पॉइंट (सर्वेक्षणाची कायमची खूण) किंवा एखाद्या देवळाचा कळसच शोधत असणार. कारण तुम्हाला पक्कं ठाऊक आहे: सेंटरिंगमध्ये, म्हणजे यंत्र जमिनीवरच्या खुणेच्या नेमकं वर आणताना, ओळंबा पाच मिलिमीटर चुकला आणि खूण वीस मीटरवर असली, तर कोनात 50 सेकंदांची चूक होऊ शकते (कोनाचा सेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग). तीच खूण दोन किलोमीटरवर असली तर चूक अर्ध्या सेकंदावर येते. खूण जितकी लांब, तितकी आपली आणि तिची हालचाल दिशेला कमी भोवते.

पृथ्वी किती फिरली, हा दिशेचाच प्रश्न आहे. पूर्वी ही दिशा ताऱ्यांवरून धरायचे. पण तारे आपल्याच आकाशगंगेतले, म्हणजे तुमच्या भाषेत शेजारचे खांब. बर्नार्डचा तारा आपल्यापासून सहा प्रकाशवर्षांवर आहे आणि तो आकाशात वर्षाला 10 सेकंदांहून जास्त सरकतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर कोनाचा एक सेकंद म्हणजे सुमारे 31 मीटर. या एकाच ताऱ्यावर विसंबलो तर वर्षभरात 300 मीटरची फसगत होईल. आता हेच गणित 3सी 273 या क्वेसारला लावून बघू. मार्टेन श्मिट यांनी 1963 मध्ये त्याच्या वर्णपटाचा उलगडा केला आणि तो दोन अब्जांहून जास्त प्रकाशवर्षं लांब असल्याचं समजलं. तो सेकंदाला एक हजार किलोमीटर वेगाने आडवा धावतो असं मानलं, तरी वर्षभरात त्याची दिशा बदलेल ती कोनाच्या सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्श्याइतकी. जमिनीवर हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं होतं. आणि 'दूर पळणं' इथे आड येतच नाही. सरळ रस्त्याने आपल्यापासून लांब जाणारी एसटी कितीही वेगात असो, तिची दिशा तीच राहते.

मात्र याच मुद्द्यावर तुम्ही माझी एक चूक बरोबर पकडलीत. मी क्वेसारना 'अढळ' म्हटलं होतं. तो शब्द चुकला. क्वेसारच्या गाभ्यातून पदार्थाचे फवारे बाहेर पडतात, त्यांची तेजस्विता बदलते आणि रेडिओ लहरींचा मध्यबिंदू किंचित इकडेतिकडे होतो. खुणा म्हणून वापरायच्या क्वेसारांची संदर्भयादी 2009 मध्ये ठरवली, तेव्हा 39 स्रोत इतके अस्थिर निघाले की त्यांची जागा कायम मानणं सोडून द्यावं लागलं. म्हणूनच सगळा भार कुणी एका खुणेवर टाकत नाही. 2019 पासून वापरात असलेल्या यादीत साडेचार हजारांवर स्रोत आहेत आणि अक्ष ठरवण्यासाठी त्यांतले निवडक 303 धरलेत. या यादीत आणखी एक दुरुस्ती आली, ती मला थक्क करते. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो, त्याच्या वेगाची दिशा हळूहळू वळते, आणि त्यामुळे सगळे क्वेसार त्या केंद्राकडे वर्षाला जास्तीत जास्त कोनाच्या सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जवळजवळ सहापट इतके सरकल्यासारखे दिसतात. ज्याला एक फेरा घ्यायला वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात, त्या प्रवासातलं वळण काही दशकांच्या नोंदींत सापडलं!

आता जीपीएस. हा तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा आहे, आणि मूळ लेखात मी त्याला हातच घातला नव्हता. जत्रेतल्या गोल पाळण्यात बसलेली मुलं एकमेकांमधलं अंतर हव्या तितक्या बारकाईने मोजू शकतील. पण पाळणा किती फिरला हे कळायला बाहेर काहीतरी दिसावं लागतं. जीपीएसचे उपग्रह असे 'बाहेरचे' वाटतात खरे, पण ते सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच ओढीत बांधलेले आहेत. पृथ्वी मध्यावर फुगीर आहे, चंद्र-सूर्य ओढतात, सूर्यप्रकाशाचा दाब ढकलतो; त्यामुळे त्यांच्या कक्षा स्वतःही वळत राहतात. सगळ्या कक्षा जराशा पूर्वेला वळल्या काय आणि पृथ्वी जराशी कमी फिरली काय, जमिनीवरच्या रिसीव्हरला दोन्ही सारखंच दिसतं. आज दिवस किती लांब होता हे जीपीएस उत्तम सांगतो. पण ते दिवसादिवसाचे तुकडे जोडत गेलं की चूक साठत जाते. ट्रॅव्हर्स (एका खुणेवरून पुढच्या खुणेवर नेलेली मोजणीची साखळी) माहीत असलेल्या जागेवर बंद न करता पुढे पुढे नेत राहिल्यावर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तो ट्रॅव्हर्स क्वेसारवर बंद होतो. जर्मनीतल्या वेट्झेलची आणि हवाईतल्या कोकी पार्कची रेडिओ अँटेना जवळजवळ रोज एक तास तेच क्वेसार एकत्र बघतात. त्यातून पृथ्वी किती फिरली हे वीसेक मायक्रोसेकंदांच्या आसपास समजतं, म्हणजे विषुववृत्तावर साधारण एक सेंटीमीटर. जीपीएसच्या कक्षा आकाशाच्या चौकटीशी, म्हणजे क्वेसारांवरून ठरवलेल्या दिशांशी, जुळवायला हाच आकडा लागतो. तेव्हा 'जीपीएस असताना' असं म्हणताना आपण ज्याला टेकून उभे आहोत तो खांबच काढायला सांगतोय.

दूरच्या यानांच्या बाबतीत तर हे फारच उघड दिसतं. पृथ्वीच्या फिरण्यात एक मिलिसेकंद चुकला तर वीस कोटी किलोमीटरवरच्या यानाची जागा साधारण साडेचौदा किलोमीटरने चुकते. मंगळावर उतरायचं असेल तर ही चूक परवडत नाही.

मिलिमीटरबद्दल. तुमची शंका रास्त आहे, कारण एका निरीक्षणातून मिलिमीटर मिळतच नाही. क्वेसारकडून येतो तो नुसता खरखराट. तो आधी एका अँटेनाला पोचतो, मग काही मिलिसेकंदांनी दुसरीला. दोन्हीकडे तो हायड्रोजन मेझर या अणुघड्याळाच्या वेळेसह साठवतात (हे घड्याळ त्याच चालीने चाललं तर तीन कोटी वर्षांत एका सेकंदाने चुकेल) आणि जर्मनीतल्या बॉनसारख्या केंद्रात दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवून बघतात. खरखराट नेमका जुळला की किती उशीर झाला ते समजतं. प्रकाश एका मिलिमीटरला 3.3 पिकोसेकंद घेतो, आणि एका निरीक्षणात दहापट चूक सहज असते. म्हणून चोवीस तास वेगवेगळे क्वेसार पुन्हा पुन्हा बघायचे. फेस लेफ्ट, फेस राइट घेऊन, म्हणजे दुर्बीण उलटवून तोच कोन पुन्हा मोजून, तुम्ही जे करत होतात, त्याच जातीचं हे काम आहे.

सगळ्यात जास्त त्रास हवा देते. डोक्यावरची कोरडी हवा लहरींना सुमारे 2.3 मीटर अंतराइतका उशीर लावते. तो हवेच्या दाबावरून काढता येतो. पण बाष्पाचा उशीर दर तासाला बदलतो आणि त्यावर अजूनही पूर्ण ताबा आलेला नाही. आयनांबरमुळे (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे) होणारा उशीर काढायला एकाच वेळी दोन वारंवारता ऐकतात, वर्षानुवर्षं त्या 2.3 आणि 8.4 गिगाहर्ट्झ होत्या. मोठी तबकडी स्वतःच्या वजनाने वाकते, उन्हाने फुगते, तेही हिशेबात धरावं लागतं. आणि तुम्हाला बरं वाटेल अशी एक गोष्ट: एकाच आवारातली जीपीएस अँटेना आणि रेडिओ तबकडी यांच्यातलं नेमकं अंतर आजही सर्व्हेअरच टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) लावून मोजतात. ती मोजणी कच्ची राहिली तर पृथ्वीवरच्या सगळ्या जागा ज्यात बसवतात ती जागतिक चौकट तिथे सैल पडते.

हे आकडे खरे कशावरून? स्वीडनमधलं ऑनसाला आणि अमेरिकेतलं वेस्टफर्ड या अँटेना-केंद्रांमध्ये सुमारे 5,600 किलोमीटर अंतर आहे आणि ते वर्षाला सुमारे 17 मिलिमीटरने वाढतंय. भूशास्त्रज्ञांनी अटलांटिकच्या तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून तो तळ रुंदावण्याच्या वेगाची लाखो वर्षांची सरासरी काढली होती. 1980 च्या दशकात थोड्याच वर्षांच्या मोजणीतून आलेला वेग तिच्याशी जुळला. दगड आणि क्वेसार यांना एकमेकांची काही खबर नव्हती. याहून चांगला पडताळा मला तरी माहीत नाही.

जमिनीवरची 'पक्की खूण' किती पक्की असते तेही बघा. 27 फेब्रुवारी 2010 च्या भूकंपात चिलीतल्या कन्सेप्सियोनची अँटेना जवळजवळ तीन मीटर पश्चिमेला गेली. 11 मार्च 2011 ला जपानमधल्या त्सुकुबाची तबकडी दोन फुटांहून जास्त पूर्वेला सरकली. त्सुकुबा आणि वेट्झेल ही जोडी पृथ्वीचं फिरणं मोजत होती. तबकडीची नवी जागा ठरेपर्यंत तिचा जुना आकडा धरला असता तर पृथ्वीच फिरण्यात चुकली असं वाटलं असतं. अशा वेळी जे हललं नाही ते आकाशात होतं.

'दिवस चोवीस तासांचा, विषय संपला' हे वाचून मात्र मला राहवलं नाही. विषय तिथेच सुरू होतो. 1982-83 च्या एल निनोत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे वाढले. वाऱ्यांनी जास्त फिरकी घेतली ती पृथ्वीकडूनच घेतली, आणि 1983 च्या सुरुवातीला दिवस जवळजवळ एक मिलिसेकंदाने लांबला. पॅसिफिकमधलं पाणी तापतं आणि त्याची नोंद पृथ्वीच्या फिरण्यात होते! उलट 5 जुलै 2024 चा दिवस 86,400 सेकंदांपेक्षा 1.66 मिलिसेकंदांनी लहान भरला. घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला 1972 पासून 27 जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घातले गेले. शेवटचा आपल्याकडे 1 जानेवारी 2017 ला पहाटे साडेपाचला आला. सुरुवातीचे ताऱ्यांच्या वेधांवरून ठरले, 1980 च्या दशकानंतरचे मुख्यतः याच मोजणीच्या भरवशावर.

सामान्य माणसाचं काय? समुद्र वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटरने चढतोय. मुंबईत अपोलो बंदराला 1878 पासून भरतीची नोंद होतेय, पण ती पट्टी पाणी जमिनीच्या तुलनेत किती चढलं एवढंच सांगते. पाणी चढलं की जमीन खचली, हे ठरवायला वर्षानुवर्षं मिलिमीटरच्या आत टिकणारी चौकट लागते. या चौकटीचं माप ठरवण्यात क्वेसारच्या मोजणीचा मोठा वाटा आहे. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी मला तरी हे चैनीचं काम वाटत नाही.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर हे करता येणार नाही का, असं तुम्ही विचारलंत. तिच्या तीस तबकड्या जोडण्यामागचं तत्त्व हेच आहे. पण ती दीड गिगाहर्ट्झच्या खालच्या लहरींसाठी बांधलेली आहे, तबकड्यांचा पृष्ठभागही तारांच्या जाळीचा आहे. या मोजणीला वरच्या वारंवारता आणि झटपट वळणाऱ्या तबकड्या लागतात. नव्या जागतिक जाळ्यात म्हणूनच बारा-तेरा मीटरच्या छोट्या तबकड्या उभारतायत.

मूळ लेखात आज दोन बदल केलेत. 'अढळ' हा शब्द काढला आणि त्याजागी 'पृथ्वीवरून जवळजवळ न हलणारे, पण सतत तपासत राहावे लागणारे' असं लिहिलंय. दुसरी चूक तुमच्या नजरेतून सुटली होती: भारत ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर सरकतो हे क्वेसारवरून मोजलं, असं मी लिहिलं होतं. ते मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद इथल्या आणि इतर ठिकाणच्या जीपीएस केंद्रांनी मोजलंय; क्वेसारकडे जाते ती त्यांच्यामागची चौकट. तेही वाक्य दुरुस्त केलंय.

आणि एक विचारायचं राहिलं. सह्याद्रीत धरणांच्या कामावर होतो असं तुम्ही लिहिलंय. पावसाळी धुक्यात लांबचं काहीच दिसत नसताना शून्य अंश कशावर धरायचात? जमलं तर त्यावर सविस्तर लिहा.